गाव थोडं नाराज होतं

काका, तुझा फ्लेक्स लावलाय गावानं.

जिते स्टेशनवरून आपल्या गावाकडं रस्ता वळतो ना, त्या नाक्यावर. शोकसभा होऊन गेली तरी अजून काढला नाय. मधोमध तू, हात जोडून. कुणाच्या तरी साखरपुड्यातला फोटो आहे, शेजारच्या माणसाचा खांदा कापायचा राहिलाय, तो तुझ्या कानाला चिकटलाय. वर मोठ्या अक्षरात 'शांतिदूत मास्तर'. आणि खाली 'शोकाकुल' म्हणून गावकीचे अध्यक्ष तात्या, तुझ्यापेक्षा मोठ्या फोटोत, गॉगल लावून. शोक करताना ऊन लागत असेल.

मला फोटो आला तेव्हा मी हसले रे. खरंच हसले. काकू भाजी निवडत होती, म्हणाली, "काय झालं गो मने?" मी मोबाईल तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "ह्यांनी कधी हात जोडले होते गावासमोर?" आणि परत भाजी निवडायला लागली.

आता मी लिहितेय. फर्स्ट शिफ्ट करून आले, लॅबचा ॲप्रन खुर्चीवर फेकलाय, चहा गार झालाय, आणि फोनवर जे सुचेल ते टाईप करतेय. झालं की सगळ्यांना पाठवणार. गावाचं नाव मात्र लिहिणार नाय. उगाच फेमस होतील.

'शांत आणि संयमी व्यक्तिमत्त्व' असं लिहिलंय एकानं. शांत? तू? कोथिंबिरीच्या जुडीवरून रोह्याच्या मंडईत अर्धा तास भांडून, शेवटी त्या भाजीवालीला आपलीच बाजू पटवून यायचास. दुसऱ्यानं लिहिलंय 'मास्तरांनी आयुष्यात मुंगी मारली नाही'. आमच्या मोरीतली झुरळं ह्याबद्दल बोलली असती, पण ती तुझ्या चपलेनं गेली. ह्या लोकांना अहिंसा म्हणजे काय वाटतं माहितेय? गप बसणं. कोणी कानाखाली दिली की 'जाऊदे' म्हणणं. बिचारा, साधा, गरीब मास्तर. असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर तू त्याला जेवायला बसवून तासभर झापला असतास. 'भांडणच आहे गो ते,' मला म्हणायचास. 'फक्त हात उचलायचा नाय आणि मागं पण सरायचं नाय. मारामारीपेक्षा जास्त दम लागतो त्याला.'

आणि मला तुझं पटत नव्हतं, हे पण इथंच सांगून टाकते. नायतर लोक म्हणतील, पुतणी त्याच्याच पठडीतली.

नोकरीसाठी रोह्याला तुमच्या फ्लॅटवर राहायला आले तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. तू, मी, आणि खालच्या मजल्यावरचे सुभेदार मामा, फौजेतून रिटायर झालेले, कप स्वतःचा घेऊन येणारे. टीव्हीवर कुठलं ना कुठलं युद्ध. तू म्हणायचास, "बघा, एवढं सगळं फोडून शेवटी राज्य कशावर करणार? विटांवर?" मी म्हणायचे, "आणि तुझ्या पद्धतीनं काय झालं असतं? रणगाड्यासमोर उपास करून बसायचं? रणगाड्याला कळतं का आज एकादशी आहे?" सुभेदार मामा मांडीवर थाप मारून हसायचे.

"पोरगी बरोबर बोलते मास्तर. बंदूक दाखवली की बंद दुकान उघडतं. मी उघडवलीत."

"उघडवलीत ना? आणि गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाईक म्हणजे?"

"दुकान बंदुकीनं उघडलंत. गिऱ्हाईक पण बंदुकीनं आणलंत काय? आणि त्यानं साखर घ्यायची का गूळ, हे पण तुम्हीच सांगितलंत?"

"तुम्ही मास्तर लोक शब्दात पकडता."

"शब्दात कुठं, दुकानात पकडलंय."

तुझं तोंड असं फुललेलं, जसं काय तूच सरहद्द जिंकून आलायस. मग तुझं लेक्चर सुरू. सैन्य म्हणजे बंदुका नाय. सैन्य म्हणजे भात शिजवणारा, डिझेल भरणारा, रस्ता दाखवणारा, हुकूम टाईप करणारा. एवढ्यांनी नाय म्हटलं की बंदूक म्हणजे नुसतं लोखंड. मी म्हणायचे, अरे पण नाय म्हणणाऱ्याला गोळी घातली की?

"एकाला घालतील."

"दहाला घालतील काका."

"घालतील."

"मग?"

"मग अकरावा."

"अकरावा पळतो! अकरावा तात्यांकडं जाऊन बसतो आणि म्हणतो, मी नव्हतोच त्यांच्यात!"

इथं तू दर वेळी चष्मा पुसायचास. कारण अकरावा कोण ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. अकरावा म्हणजे माझा बाबा. तुझा सख्खा भाऊ.

जे हे वाचतायत त्यांना माहीत नसेल. आपल्या आळीतल्या शैलाताईनं जातीबाहेर लग्न केलं आणि नवऱ्याला घेऊन आईच्या घरात राहायला आली. गावकी बसली. ठरलं की त्या घराशी कोणी बोलायचं नाय, गिरणीत त्यांचं दळण घ्यायचं नाय, त्यांच्या मयताला जायचं नाय. कोणी काठी उचलली नाय हा, कोणी शिवी पण दिली नाय. एकदम अहिंसक! आणि तू काय केलंस? शाळा सुटली, रोह्यावरून गाडीनं आलास, की रोज मुद्दाम शैलाताईच्या ओट्यावर बसून चहा प्यायचास, आणि भुरका असा मारायचास की देवळात ऐकू जावा. महिनाभरात तुझ्यावरही तेच लावलं. मास्तरशी बोलेल त्याला दंड.

आणि बाबा बोलायचा थांबला. मधे एक कुडाची भिंत, अलीकडं आम्ही, पलीकडं तू आणि काकू. वालाला पाणी कुणी सोडायचं हे बाबा म्हशीला विचारायचा. मोठ्यानं. "आज पंप कोण लावणार गो, मी का तो?" आणि तू पलीकडून म्हशीलाच उत्तर द्यायचास, "मी लावतो, सांग त्याला." मी तेव्हा दहा वर्षांची, मला हे जगातलं सगळ्यात भारी नाटक वाटायचं. आता नाय वाटत. चार वर्षं, काका. दोन शिकलेसवरलेले भाऊ, एक म्हस.

बॉलची गोष्ट सांगते. सभेत एकानं पण सांगितली नाय, भित्रे साले.

भात कापून झालं की त्याच शेतात गावाची टुर्नामेंट असायची. त्या दिवशी आपली टीम फिल्डिंगला, बॅटिंगला निडी गावाची टीम. माईकवर कॉमेंट्रीला साक्षात तात्या. तू लांब, बांधावर, एकटा बसलेला, कारण तुझ्या बाजूला कोणी बसलं की दंड. त्या बाजूला फोर नव्हता, रन पळून काढायचे असा नियम. निडीच्या पोरानं बॉल असा फिरवला की घरंगळत सरळ तुझ्या पायाशी. तू उचललास. आणि हातात धरून बसलास.

आपला फिल्डर धावत आला, तुझ्यासमोर येऊन उभा, हात पुढं. बोलायचं नाय ना! तू त्याला विचारलंस, "काय रे, काय पायजे?" तो तोंड दाबून उभा. तुझाच विद्यार्थी. "सांग की. मागितल्याशिवाय कसं देऊ?" तो मागं वळून तात्यांकडं बघतो, तात्या माईक धरून आभाळाकडं. आणि तिकडं निडीचे दोघं पळतायत, पळतायत, हसत पळतायत. तात्यांची कॉमेंट्री आठवते मला अजून: "चेंडू गेलेला आहे... चेंडू बांधाच्या दिशेनं गेलेला आहे... चेंडू तिकडं... एका ठिकाणी... थांबलेला आहे..." तुझं नाव घ्यायचं नाय म्हणून चेंडू आपला आपणच थांबला! अंपायर निडीकडचा, तो म्हणतो, "बॉल डेड नाय, चालू हाय!" शेवटी पळणाऱ्या दोघांनाही धाप लागली, तरी चालत चालत रन काढतायत. आणि मग तात्यांचा तोल गेला. भोंग्यावरून अख्ख्या गावाला ऐकू गेलं, "मास्तर, बॉल द्या ना राव!"

तू उभा राहिलास, कानाला हात लावलास आणि म्हणालास, "कोण बोललं? मला कोण बोललं?"

मग दिलास बॉल. मॅच गेलीच. संध्याकाळी गावकी बसली, की तात्यांना दंड लावायचा का. चर्चा करकरून निर्णय काय झाला? माईकवर बोललेलं बोलण्यात धरत नाय. मी खोटं सांगत नाय, हाच निर्णय झाला. असल्या बिनडोक लोकांनी तुला चार वर्षं एकटं पाडलं.

ही गोष्ट तू सुभेदार मामांना सांगितलीस तेव्हा ते म्हणाले, "माझा जवान असता तर मनगट पिरगाळून बॉल घेतला असता." मी पण म्हटलं, बरोबर. ते आपलेच लोक होते म्हणून वाचलास. फौजेतला असता तर तुला गोळी घातली असती आणि बॉल घेऊन गेला असता, एक रन पण गेला नसता.

"घेतला असता," तू म्हणालास. "पण पुढची प्रत्येक मॅच एक माणूस माझ्यावर बंदूक धरून उभा करायला लागला असता. मग फिल्डिंग कोण करणार?"

ऐकायला भारी वाटतं. पण काका, तू हरलास ना शेवटी. बॉलनं काय बदललं? काय पण नाय. गिरणी बंदच राहिली, तू दळण डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावात जायचास. विहिरीवर काकू आली की बायका कळशा अर्ध्या भरून निघून जायच्या. तिच्या आजारपणात कोणी पेज आणून दिली नाय. रिटायर झालास आणि रोह्याला फ्लॅट घेऊन आलास. मी हे तुला तोंडावर म्हटलंय, म्हणून लिहिताना लाज नाय वाटत. मी म्हटलं, गाव सोडलंस म्हणजे तू हरलास. तू म्हणालास, "गाव सोडलं. शैलाला नाय सोडलं." आणि खरंय ते, दर महिन्याला तू जायचास तिच्याकडं. पण हे हरलेल्या माणसाचं बोलणं आहे, काका. सगळे हरलेले असंच काहीतरी शोधून ठेवतात.

मग मी तो प्रश्न विचारला. मला वाटतं तुझ्या सगळ्या थिअरीतला खरा खड्डा तोच आहे. मी म्हटलं, असहकार कधी चालतो? समोरच्याला तुझी गरज असते तेव्हा. त्याला तुझा भात पायजे, तुझे हात पायजेत. पण ज्याला तू नकोच आहेस? ज्या फौजेला फक्त तुझी जमीन रिकामी पायजे, तिच्याशी तू काय असहकार करणार? तू नाय म्हणालास तर ती म्हणेल, बरंच झालं. तुला गावानं टाकलं तेव्हा तुझ्याकडं काढून घेण्यासारखं काय होतं? तुझं सहकार्य कुणाला हवं होतं?

सुभेदार मामा पण त्या दिवशी हसले नाय. तू म्हणालास, "थांब, विचार करतो." मी जिंकल्यासारखी उठून भांडी घासायला गेले. त्यानंतर दोन-तीनदा मी चिडवलं, "काय मास्तर, पेपर कोरा?" तू म्हणायचास, "लिहितोय गो, लिहितोय." आणि मग तू गेलास. असं कोणी करतं का? परीक्षा अर्धवट टाकून?

तात्यांचा फोन आला तो तिसऱ्या का चौथ्या दिवशी. आवाजात मध.

"मने, रविवारी देवळात शोकसभा ठेवलीय गो. वहिनींना घेऊन ये. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवल्यात तुमच्यासाठी. आणि तू पण दोन शब्द बोल."

"कुठले दोन, तात्या?"

"अगो म्हणजे मास्तरांच्या आठवणी वगैरे."

"मी दोनच बोलेन. वाळीत टाकलं."

"असं काय नव्हतं गो. गाव थोडं नाराज होतं."

"चार वर्षं?"

"घरात नाय का होत नाराजी? भांड्याला भांडं लागतं."

"मग असं करू तात्या. मी बोलतच नाय. तुम्ही बोला. माईकवर, सगळ्यांसमोर, तेवढेच दोन शब्द. तुम्ही बोललात की मी काकूला घेऊन आलेच. हार घालू, फोटो काढा किती पायजेत तेवढे."

"अगो, वकिलानं सांगितलंय तो शब्द वापरू नका म्हणून. कायदा आलाय ना आता त्याच्यावर."

बघ. कायदा आला, शब्द गेला. शैलाताईच्या घरी अजून कोणी जात नाय, पण विचारलं तर सगळे म्हणतात, आम्ही कुठं काय म्हटलं? तिची मुलगी शाळेत एकटीच डबा खाते, पण कुणाचीही तक्रार नाय. गुन्हा करायचा नसेल तर काय करायचं? करायचं तेच, फक्त बोलायचं नाय.

फोन ठेवला आणि मला एकदम कळलं मी काय केलं ते. असहकार! मी! जिला रणगाडे आवडतात ती! पहिल्यांदा त्या गावाला आपल्याकडून काहीतरी हवं होतं. पहिल्या रांगेत काकू बसली, हार घातला, की सगळं धुऊन निघालं, मास्तर आमचाच होता असं झालं. आणि ते फुकट पायजे होतं त्यांना. मी म्हटलं, नाय देणार. बाबालाही फोन करून तेवढंच सांगितलं. काकूला विचारलं तर ती म्हणाली, "मी तशीही जाणार नव्हते. पण तू म्हणतेस तर आता जास्तच नाय जाणार." सुभेदार मामा म्हणाले, "खुर्च्या रिकाम्या ठेवून कोणी शरण आलेलं मी बघितलं नाय पोरी." मी म्हटलं, मी पण नाय बघितलं मामा, आता बघू.

रविवारी आम्ही तिघं रोह्यातच, माझा फोन टीव्हीला टेकवून. गावातलं कोणीतरी लाईव्ह करत होतं. पहिल्या रांगेत दोन रिकाम्या खुर्च्या. तात्या सारखे रस्त्याकडं बघत होते. माझ्या फोनवर त्यांचे कॉल येत होते आणि आलेला प्रत्येक कॉल लाईव्हमध्ये दिसत होता, की तात्या कानाला फोन लावून उभे. मजा वाटली मला, का नाय वाटणार. शेवटी एका खुर्चीवर कोणीतरी हारांची पिशवी ठेवली आणि सभा सुरू केली.

मामा म्हणाले, "बघ. सुरू केली."

आणि मग ती भाषणं! पहिला वक्ता गागोद्यापासून, म्हणजे त्या भूदानवाल्या आचार्यांच्या जन्मगावापासून, सुरू झाला. आपल्या तालुक्यात कोणी मेलं की भाषण गागोद्याहूनच निघतं. ती पवित्र माती, तो थोर वारसा, आणि त्याच मातीतले आपले मास्तर. ह्या माणसानं गिरणीवर तुझं पीठ सांडलं होतं, काका. दुसरा म्हणाला, मास्तरांचं आणि गावाचं नातं मायलेकरांचं. तिसऱ्यानं शाळेत पाठ केलेलं शांततेवरचं भाषण जसंच्या तसं म्हटलं, मला वाटतं तूच शिकवलं असशील. मी एकेकाला नावं ठेवत होते, मामा मला टाळी देत होते. मग तात्या उठले आणि म्हणाले, "मधल्या काळात गाव थोडं नाराज होतं, पण मास्तरांनी मनात काय ठेवलं नाय." मी उशी भिंतीवर फेकली.

आणि मग म्हणाले, आता मास्तरांचे धाकटे बंधू दोन शब्द बोलतील.

बाबा. बाबाला बोलता येत नाय, तुला माहितेय. लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यासारखा अवघडून उभा होता. माईक हातात घेतला, फुंकर मारून बघितली.

"मी त्याचा भाऊ. पोरीनं तात्यांकडं दोन शब्द मागितले होते. तात्यांना जमत नाय असं दिसतंय. मी बोलतो."

कोणीतरी म्हणालं, "बस रे खाली." बाबा नाय बसला.

"मी भावाला वाळीत टाकलं होतं. गावाचं गाव बघेल. मी टाकलं होतं. मधी भिंत होती. मी म्हशीशी बोलायचो."

मागं कोणीतरी हसलं.

"हसू नका. मी म्हशीशी बोलायचो आणि तो पलीकडं उभा असायचा. तो खोकायचा, मला ऐकू यायचं. एकदा तापानं..."

आणि माईक गेला. गेला म्हणजे कोणीतरी काढला. लाईव्ह चालूच होतं. बाबाचं तोंड हलत होतं, आवाज नाय. तो बोलतच राहिला, काका, त्याला कळलंच नाय की माईक बंद आहे, का कळलं होतं पण त्याला पर्वा नव्हती. मग फोन धरलेल्यानं कॅमेरा वर केला आणि आम्हाला देवळाचे पत्रे दिसत राहिले.

काकूनं चष्मा काढून पदरानं पुसला. "आता बोलतोय," म्हणाली. "मेल्यावर. जिवंत होते तेव्हा म्हस बरी होती." आत निघून गेली. भांड्यांचा आवाज आला. मग आतूनच विचारलं, "मने, तो जेवून गेला असेल का गो सभेला?"

सुभेदार मामा कप घेऊन उठले, दारात थांबले. "नेम तात्यांवर धरलास," म्हणाले, "लागली भलत्यालाच."

मी तेव्हापासून तेच चघळतेय. तुझं हत्यार आहे, पण त्याला नेमच नाय, काका. समोर पन्नास माणसं असली तर ज्याच्यात थोडी लाज शिल्लक आहे त्यालाच शोधून लागतं. बाकीचे तसेच्या तसे, गॉगल लावून. म्हणजे फौजेसमोर पण असंच होत असणार ना? सेनापतीला काय फरक पडणार? तो नकाशा बघत बसलेला. लागणार कुठल्यातरी गावाकडच्या शिपायाला, रात्री झोप येणार नाय त्यालाच, उद्या हुकूम मोडणार तोच, आणि कोर्टासमोर उभा करणार त्यालाच. तू म्हणायचास असंच सैन्य मोडतं, आतून, एकेक करून. असेल. पण तो एकेक कुणाचा तरी बाबा असतो, हे तू कधी सांगितलं नाय. जिंकतं कोण ते राहूदे. मला तुझा राग आलाय. तुझ्या त्या फुललेल्या तोंडाचा राग आलाय, आणि ते तोंड परत दिसावं म्हणून मी काय पण देईन, हे पण तेवढंच खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाचा फोन.

"मने, वाल पेरायचे होते. गडी येणार होते, आले नाय."

"आजारी असतील."

"सगळे?" मग, "दुकानात गेलो. म्हणाला साखर संपली. मागं पोतं दिसत होतं."

"काय बोलले का तुला?"

"नाय गो. तेच तर. कोणी कायच बोलत नाय."

मी म्हटलं, रोह्याला ये. आत्ता निघ. काकू पण मागून म्हणाली, त्याला म्हणावं ये. तिनं म्हटलं हे, लक्षात घे. बाबा म्हणाला, "नाय. तो सामान टेम्पोत टाकून निघाला तेव्हा मी दारातून बघत होतो. हातभार पण लावला नाय. मी नाय सोडायचा गाव."

"मग करणार काय तिथं एकटा?"

"तेच विचारायला फोन केला. काय करायचं असतं असल्या वेळी? तुला माहीत असेल ना. तू भांडायचीस त्याच्याशी रोज."

ज्याचं सहकार्य कुणालाच नकोय त्या माणसानं काय करायचं, हा माझाच प्रश्न, मी तुला हरवायला काढलेला, आणि आता तो बाबा मला विचारतोय, आणि त्याला थिअरी नकोय, त्याला उद्या सकाळी उठून काय करायचं ते पायजे. तू उत्तर लिहीत होतास ना? कुठपर्यंत आला होतास? काहीतरी सापडलं होतं का, का मला नुसतं गप करत होतास?

मी रजा टाकलीय. सुपरवायझर विचारत होता कशाला, मी म्हटलं वाल पेरायला, त्याला वाटलं चेष्टा करतेय. काकूनं साखर, चहा पावडर, पीठ बांधून दिलंय, आणि शेवटच्या क्षणी वर स्वतःची एक साडी ठेवली. मी म्हटलं, ही कशाला? म्हणाली, "आठ दिवसांनी मी येईन. आधी तू बघ, कसं आहे ते."

उद्या सकाळच्या गाडीनं जित्याला उतरते. आधी शैलाताईकडं जाईन, तिला घेऊन शेतात, तिघांनी मिळून जेवढे जमतील तेवढे वाल पेरू. त्याच्यापुढचं मला ठरवता येत नाय. एकटं पडूनही वाकायचं नाय, आणि कुणावर हात उचलायचा नाय, हे बाबाला कोणीतरी शिकवायला पायजे, आणि शिकवणारा तू होतास. आता मी आहे. आणि मला तर, काका, तुझं अजून पटलेलं नाय.